दशावतार, पावणी आणि सभामंडप

गोव्यातल्या पेडणे तालुक्यात जत्रा म्हटली की दशावतारी नाटक आलेच. मोपा आणि आसपासची गावे सिंधुदुर्गाच्या हद्दीलगत असल्याने सावंतवाडी, वेंगुर्ले भागातील मंडळ्यांची इथे जुनी ये-जा आहे. कार्तिकात जत्रांचा हंगाम सुरू होतो. नाटक सभामंडपात किंवा देवळापुढच्या अंगणात रंगते. एरवी भजन, कीर्तन आणि गावातल्या हौशी नटांचे प्रयोगही तिथेच होतात. त्यामुळे या जागेचा खर्च गावालाच उभा करावा लागतो.

जत्रेत पालखीची प्रदक्षिणा झाली की पावणी, म्हणजे देवाला वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव, सुरू होते. नारळ, केळीचा घड, भोपळा एकेक करून पुकारला जातो. ‘एकवार, दोनवार, तीनवार’ म्हणेपर्यंत बोली चढत जाते. वस्तूची किंमत बाजारभावावर ठरत नाही. एखादा बोली जिंकून नारळ पुन्हा देवापुढे ठेवतो आणि त्याच नारळाची पुन्हा पावणी होते.

त्यानंतर नाटक. त्याला लिखित संहिता नसते. आख्यान कोणते लावायचे, कोणी काय करायचे, हे रंगपटात तोंड रंगवता रंगवता ठरते. साथीला पेटी, मृदंग आणि झांज. पेटीवाला नटाचे तोंड दिसेल असा बाजूला बसतो. बोलता बोलता नट शेवटचा शब्द लांबवतो. पेटीवाला तो सूर धरतो आणि पद सुरू होते. चाल बहुधा नाट्यसंगीताच्या वळणाची असते. समोरून दाद आली तर ओळ घोळवली जाते. लोक चुळबुळ करू लागले तर पद आवरते घेऊन नट संवादावर येतो. युद्धाच्या प्रवेशात मृदंगवाला नटाच्या पायांवर नजर ठेवतो आणि पाऊल पडेल तिथे थाप देतो.

तीनच वाद्ये, नेपथ्य जवळजवळ नाही आणि तालमींचा खर्चही नाही. म्हणून मंडळीची बिदागी गावाला झेपते. बऱ्याचदा कोणी भाविक नवस फेडण्यासाठी ती देतो. पावणीची रक्कम देवस्थानाकडे जमा होते. गोव्यातील नोंदणीकृत देवस्थानांचा कारभार पोर्तुगीज काळातील १९३३च्या नियमावलीनुसार महाजनांनी, म्हणजे देवस्थानाच्या हक्कदार सभासदांनी, निवडलेली समिती पाहते. छपराची कौले, फरशी, वीज, रंगरंगोटी असे खर्च पावणीच्या रकमेतून भागवले जातात.