पावसाळा आणि पायाच्या चिखल्या

मृगाच्या सरी सुरू झाल्या, भाताच्या लावणीची धांदल उडाली, की आमच्या दवाखान्यात एक तक्रार हमखास ऐकू येऊ लागते. 'डॉक्टर, पायाला चिखल्या झाल्यात, जाता जाता एखादं मलम लिहून द्या.' ती नेहमी शेवटी सांगितली जाते. ताप, खोकला, गुडघे यांचे बोलून झाल्यावर, उठता उठता. चिखल्यांसाठी मुद्दाम डॉक्टरकडे जाणे कोणालाच प्रशस्त वाटत नाही. त्यामुळेच हा क्षुल्लक वाटणारा विकार वर्षानुवर्षे पायात मुक्काम ठोकतो आणि हळूहळू घरातल्या इतरांनाही लागतो.

नाव चिखल्या असले, तरी सगळा दोष चिखलाचा नाही. सतत ओली राहिल्याने बोटांमधली त्वचा मऊ पडते आणि तिथे एक प्रकारची बुरशी शिरते. गजकर्ण म्हणजेच नायटा ज्या बुरशीच्या कुळाने होतो, तेच हे कुळ. आपल्या त्वचेचा वरचा थर, केस आणि नखे केराटिन नावाच्या प्रथिनाची बनलेली असतात, आणि ही बुरशी त्यावरच जगते. करंगळी व तिच्या शेजारचे बोट यांच्यातली फट सर्वांत अरुंद, म्हणून सुरुवात बहुधा तिथून होते. कातडी पांढरी पडते, सोलते, चिरा पडतात, खाज सुटते. साहेबलोकांनी याला 'अ‍ॅथलीट्स फूट' म्हणजे खेळाडूचा पाय असे नाव दिले. आपल्याकडे मात्र हा पाय दिवसभर खाचरात उभ्या असलेल्या बाईचा, बारा तास बूट घालून उभ्या असलेल्या पोलिसाचा, नाहीतर ओले मोजे घालून शाळेत बसलेल्या मुलाचा असतो.

याचा एक कोरडा प्रकारही आहे. तळव्याला बारीक कोंडा येतो, कातडी जाड होते. लोक त्याला टाचांच्या भेगा समजून तेल चोळत बसतात.

लागण कशी होते? बाधित पायाची जी कातडी सुटते, तिच्यातून. न्हाणीघराची ओली फरशी, वसतिगृहाची सामाईक मोरी, पोहण्याच्या तलावाकाठची वाट, घरातले पायपुसणे आणि दारात पडलेली 'जी सापडेल ती' चप्पल, ही तिची वाहने. ज्याला चिखल्या आहेत त्याची चप्पल आणि पंचा वेगळा ठेवावा, पायपुसणे दर दोन दिवसांनी धुऊन खडखडीत वाळवावे. एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. पायाची बुरशी जांघेत जाते ती बऱ्याचदा टॉवेलावरून किंवा अंतर्वस्त्रावरून. पाय ज्याने पुसले त्यानेच जांघा पुसू नयेत. आणि कपडे चढवताना आधी मोजे घालावेत, मग चड्डी. ऐकायला विनोदी वाटेल, पण जांघेतला नायटा पुन्हा पुन्हा उलटणाऱ्यांनी करून पाहावे.

आता उपचार. क्लोट्रिमॅझोल किंवा मायकोनॅझोल यांचे साधे मलम बहुतेकांना पुरते आणि ते महागही नसते. पाय धुऊन, प्रत्येक बोटाची फट सुती फडक्याने टिपून कोरडी करावी, आणि दिवसातून दोनदा पातळ थर लावावा. बाधित जागेच्या थोडे बाहेरपर्यंत लावावा. खाज चार दिवसांत थांबते. इथेच घोटाळा होतो. खाज थांबली की ट्यूब फडताळात जाते, पण बुरशी अजून कातडीतच असते. त्वचा अगदी पूर्ववत दिसू लागल्यावरही आणखी दोन आठवडे मलम चालू ठेवावे. एकूण साधारण महिना लागतो. टर्बिनाफिनचे मलम कमी दिवसांत काम करते, पण ते किती दिवस लावायचे हे डॉक्टरांना विचारावे. फट फार ओली असेल, घाण वास किंवा पू येत असेल, तर तिथे जिवाणूही शिरलेले असतात आणि नुसत्या बुरशीच्या मलमाने भागत नाही.

माझा खरा राग आहे तो 'सर्व खाजेवर एकच' अशा मिश्र मलमांवर. त्यात बुरशीच्या औषधाबरोबर स्टिरॉइड असते. पहिल्या दोन दिवसांत आराम पडतो, म्हणून शेजारीपाजारी शिफारस होते. पण स्टिरॉइड शरीराचा प्रतिकार दाबून टाकते, बुरशी आतून पसरत राहते आणि मलम बंद केले की दुप्पट उसळते. जांघेसारखी नाजूक कातडी तर पातळ होऊन तिच्यावर कायमचे पट्टे उमटतात. औषधांना न जुमानणारा नायटा गेल्या काही वर्षांत आपल्या देशात फार वाढला. त्यामागे या मलमांचा बेसुमार वापर हे एक मोठे कारण असल्याचे त्वचारोगतज्ज्ञ मानतात. अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम २०१८ साली झाला, तरी ती सहज मिळतात. म्हणून ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचा. बीटामेथासोन, मोमेटासोन असे 'सोन' शेवटी असलेले नाव किंवा क्लोबेटासॉल दिसले, तर ती ट्यूब आपणहून पायाला लावू नका.

घरगुती उपायांपैकी मेंदी लावल्याने कातडी थोडी कोरडी होते, पण बुरशी जाईलच असा भरवसा नाही. रॉकेल, चुना, बॅटरीचे पाणी मात्र कदापि नको. कातडी भाजलेले पाय मी पाहिले आहेत. बूट भिजले तर आत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत (हा अंकही चालेल, वाचून झाल्यावर!) आणि शक्यतो दोन जोड आलटून पालटून वापरावेत. मोजे सुती हवेत आणि रोज धुतलेले.

दोन प्रकारच्या लोकांनी चिखल्यांना किरकोळ समजू नये. पहिले मधुमेही. त्यांच्या पायाची संवेदना कमी झालेली असते, चीर पडलेली कळत नाही. त्यातून जिवाणू शिरतात, पाय लालभडक होऊन सुजतो, आणि दुर्लक्ष झाले तर बोट किंवा पाय गमावण्याची पाळी येते. त्यांनी रोज रात्री बोटांच्या फटी उजेडात पाहाव्यात, दिसत नसेल तर नातवाला पाहायला सांगावे. दुसरे, शेतात व गोठ्यात राबणारे. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदीर आणि गुराढोरांच्या मुतातून पाण्यात उतरतात व अशाच चिरांतून शरीरात शिरतात. चिखल्या असताना चिखलात उतरणे टळत नसेल, तर गमबूट घाला. ते जमत नसेल, तर घरी येताच पाय साबणाने धुऊन कोरडे करा. लावणीच्या दिवसांत ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि शेतात काम केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

महिनाभर नीट मलम लावूनही फरक नसेल, तर कातडीचा खरवडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यावा. सोपी तपासणी आहे. कधी कधी तो इसब किंवा चपलेच्या रबराची अ‍ॅलर्जी निघते. आणि नखे पाहायला विसरू नये. पिवळी, जाड, भुसभुशीत झालेली नखे हे बुरशीचे कोठार असते. ते तसेच राहिले, तर चिखल्या दर पावसाळ्यात परत येतात. नखांना सहसा गोळ्या लागतात, त्याही काही महिने, आणि यकृताची तपासणी करून. पायाच्या अंगठ्याचे नवे नख पूर्ण यायला वर्ष-दीड वर्ष जाते, तेव्हा दोन महिन्यांत नख चांगले दिसले नाही म्हणून गोळ्या सोडू नयेत.