गिअरची गाडी आणि घरातला दुसरा चालक

नवी मोटार घ्यायची ठरली की घरात किंमत, मायलेज, डिकीची जागा आणि रंग यांवर भरपूर चर्चा होते. गाडी मॅन्युअल घ्यावी की ऑटोमॅटिक, हा प्रश्न मात्र बहुधा घरातील नेहमीचा चालक एकटाच सोडवून टाकतो. त्याला क्लच-गिअरची सवय असते, मॅन्युअल गाडी स्वस्त पडते आणि ‘गाडी आपल्या हातात राहते’ असेही त्याला वाटत असते. परंतु पती-पत्नींपैकी एकालाच गिअरची गाडी चालवता येत असेल, तर हा निर्णय केवळ यंत्राचा राहत नाही. गाडीची किल्ली पुढची आठ-दहा वर्षे कोणाच्या हाती राहणार, हेही त्याच वेळी ठरून जाते.

बेळगाव-निपाणी सीमाभाग आणि गोवा यांच्यामध्ये ये-जा करणाऱ्या कुटुंबांसाठी हा प्रश्न अधिकच जवळचा आहे. या दोन प्रदेशांतील सोयरीक जुनी आहे. माहेर निपाणीचे आणि सासर डिचोलीचे, किंवा घर म्हापशात आणि शेती खानापूर तालुक्यात, अशी उदाहरणे अनेक गावांत सापडतात. लग्नसराई, गणेश चतुर्थी, बाजारहाट, महाविद्यालयीन प्रवेश आणि रुग्णालयातील उपचार अशा कारणांनी गाड्या सतत घाट चढतात आणि उतरतात. बेळगावकडे जायचे तर साखळी-केरी-चोर्ला-कणकुंबी-जांबोटी हा एक मार्ग आणि मोले-अनमोड-रामनगर-खानापूर हा दुसरा. निपाणीकडील मंडळी आजरा-आंबोली-सावंतवाडी या वाटेनेही गोव्यात उतरतात. तिन्ही मार्गांवर घाट आहेच.

अशा प्रवासात गाडी चालवणारा माणूस वाटेत आजारी पडला तर काय, हा विचार सहसा कोणी आधी करत नाही. चोर्ल्याच्या वळणांवर पावसाळ्यात धुके इतके दाटते की समोरचे वाहन जवळ आल्याशिवाय दिसत नाही. काही पट्ट्यांत मोबाइलला रेंजही मिळत नाही. चालकाला भोवळ आली, पाठीत उसण भरली किंवा नुसती झोप अनावर झाली, तरी शेजारच्या आसनावर बसलेली व्यक्ती हतबल असते. गाडी धडधाकट असते, टाकीत इंधन असते, रस्ता मोकळा असतो; पण ती पुढे नेणारे दुसरे कोणी गाडीत नसते.

चढावरची जुनी अडचण

घरातील दुसऱ्या चालकाचा आणि गिअरचा संबंध मोटारीइतकाच जुना आहे. ऑगस्ट 1888 मध्ये कार्ल बेंझ यांच्या पत्नी बर्था बेंझ यांनी पतीला न सांगता, दोन मुलांना बरोबर घेऊन, जर्मनीतील मानहाइम ते फोर्त्सहाइम असा सुमारे 100 किलोमीटरचा प्रवास बेंझ यांनी बनवलेल्या मोटारीतून केला. मोटारीने केलेला पहिला लांब पल्ल्याचा प्रवास म्हणून तो ओळखला जातो. या प्रवासात तीव्र चढ आले की मुलांना खाली उतरून गाडी ढकलावी लागली. चढासाठी आणखी एक खालचा गिअर हवा, ही सुधारणा या अनुभवातूनच पुढे आली. शोधकर्त्याच्या ध्यानात न आलेली उणीव घरातल्या दुसऱ्या चालकाने दाखवून दिली होती.

गिअर काढून टाकल्यावर काय घडते, याचे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. 1972 मध्ये कायनेटिक इंजिनिअरिंगने ‘लुना’ ही मोपेड बाजारात आणली. तिला ना क्लचचा दांडा होता, ना गिअर. 1984 मध्ये ‘कायनेटिक होंडा’ ही गिअर नसलेली, बटण दाबताच सुरू होणारी स्कूटर आली. तोपर्यंत स्कूटर म्हणजे डाव्या मुठीने गिअर फिरवण्याचे आणि पायाने किक मारण्याचे वाहन होते व घरोघरी ते प्रामुख्याने पुरुषांकडेच असे. लुना आणि कायनेटिक होंडाने शिक्षिका, परिचारिका, बँकेतील कर्मचारी महिला आणि महाविद्यालयीन मुली यांना स्वतःचे वाहन दिले. आज पणजीत किंवा बेळगावच्या टिळकवाडीत गिअर नसलेली स्कूटर चालवणारी महिला हे नित्याचे दृश्य आहे. हात तेच, रस्ते तेच होते. फक्त मधला एक अडसर दूर झाला होता. चारचाकीच्या बाबतीत मात्र अनेक घरे अजून त्या अडसराच्या अलीकडेच उभी आहेत.

परवाना काय सांगतो आणि काय सांगत नाही

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 10 मध्ये दुचाकीसाठी ‘गिअर नसलेली’ आणि ‘गिअर असलेली’ असे दोन स्वतंत्र वर्ग आहेत. त्यामुळे केवळ गिअर नसलेल्या स्कूटरचा परवाना असलेल्या व्यक्तीला मोटारसायकल चालवता येत नाही. मोटारीच्या बाबतीत मात्र ‘हलके मोटार वाहन’ हा एकच वर्ग आहे. तो परवाना असला की मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक या दोन्ही प्रकारच्या गाड्या कायद्याने चालवता येतात.

इतर काही देशांत तसे नाही. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिक गाडीवर चाचणी उत्तीर्ण झालेल्याला मॅन्युअल गाडी चालवण्याची मुभा मिळत नाही. त्यासाठी पुन्हा चाचणी द्यावी लागते. जपानमध्ये 1991 पासून केवळ ऑटोमॅटिकपुरता मर्यादित परवाना दिला जातो. गोव्यातील अनेक कुटुंबांतील माणसे ब्रिटनमध्ये किंवा आखातात राहून परततात. तिथे वर्षानुवर्षे ऑटोमॅटिक गाडी सफाईने चालवलेल्या माणसाला इथल्या घरासमोर उभी असलेली मॅन्युअल गाडी फाटकाबाहेर काढता येत नाही, असेही घडते. तेव्हा गिअर न जमणारी व्यक्ती म्हणजे पत्नीच, हे गृहीत धरणे चूक ठरेल.

आपल्याकडच्या परवान्यावरून कायदेशीर पात्रता कळते, क्लचवरचा हात बसला आहे की नाही हे कळत नाही. ‘तिच्याकडे लायसन्स आहे’ किंवा ‘त्याच्याकडे लायसन्स आहे’ एवढ्यावर विसंबून राहू नये, ते यासाठीच. उलट, ज्या व्यक्तीकडे परवानाच नाही तिच्या हाती ‘थोडेच अंतर आहे’ म्हणून गाडी देणे हा गुन्हा आहे. त्यात चालवणाऱ्याबरोबर गाडीच्या मालकावरही कारवाई होऊ शकते आणि अपघात झाल्यास विम्याचा दावा अडचणीत येतो.

सगळ्या ऑटोमॅटिक सारख्या नसतात

मॅन्युअल गाडीत इंजिन आणि चाके यांच्यामधला दुवा चालकाचा डावा पाय जोडतो व तोडतो. सपाट रस्त्यावर हे कौशल्य काही दिवसांत येते. खरी परीक्षा चढावर थांबलेली गाडी पुन्हा पुढे काढताना होते. ब्रेकवरचा पाय उचलून ॲक्सिलरेटरवर नेईपर्यंत गाडी मागे सरकते; घाईने क्लच सोडला तर इंजिन बंद पडते; भीतीने अर्धा दाबून धरला तर क्लच प्लेट जळल्याचा वास येतो. आता अनेक गाड्यांत चढावर काही क्षण ब्रेक धरून ठेवणारी सोय असते. ती नसेल तर हँडब्रेकच्या आधाराने गाडी उचलण्याची सवय करावी लागते.

‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दाखाली चार वेगवेगळी यंत्रे विकली जातात. पहिले आणि सर्वांत स्वस्त म्हणजे एएमटी. भारतात ते 2014 मध्ये मारुती सेलेरिओने सर्वसामान्यांच्या आवाक्यात आणले. यात गिअरबॉक्स आणि क्लच मॅन्युअल गाडीचेच असतात. फक्त ते दाबण्याचे आणि बदलण्याचे काम यंत्र करते. त्यामुळे गिअर बदलताना किंचित गचका जाणवतो आणि तीव्र चढावर गाडी मागे सरकू शकते. ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून चढावर गाडी तोलून धरली, तर आतला क्लच झिजतो.

दुसरा प्रकार सीव्हीटी. यात ठरावीक गिअर नसतात. दोन पुल्या आणि त्यांवरून फिरणारा पट्टा यांच्या साहाय्याने वेगाचे प्रमाण सलग बदलते. गिअर नसलेल्या स्कूटरमध्ये हेच तत्त्व वापरलेले असते. तिसरा प्रकार टॉर्क कन्व्हर्टरचा. त्यात इंजिनाची शक्ती तेलाच्या प्रवाहातून पुढे जाते आणि चढावर सावकाश चालण्यासाठी तो सोयीचा मानला जातो. चौथा डीसीटी, म्हणजे दोन क्लच असलेला. तो वेगवान असतो. मात्र मुंगीच्या पावलाने सरकणाऱ्या वाहतुकीत त्याचे काही प्रकार तापतात.

एएमटी गाडी त्याच मॉडेलच्या मॅन्युअल गाडीहून साधारण अर्ध्या लाखाने महाग पडते. अन्य प्रकारांत हा फरक लाखाच्या किंवा त्याहून पुढे जातो. मॅन्युअल गाडीचे काही लाभही नाकारता येत नाहीत. किंमत कमी, दुरुस्ती लहान गावातही होते आणि बॅटरी उतरली तर ढकलून सुरू करता येते. ऑटोमॅटिक गाडीला ती सोय नसते. इलेक्ट्रिक गाडीत क्लचचा प्रश्नच उद्भवत नाही. ती परवडत असेल आणि घरी चार्जिंगची व्यवस्था असेल, तर हा पेच आपोआप सुटतो.

घाट उतरताना

ऑटोमॅटिक घेतली म्हणजे घाटाचे शिक्षण संपले, असे मात्र नाही. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर आहे. तिथून गोव्यात येताना ही उंची काही किलोमीटरांच्या वळणांत उतरावी लागते. सतत ब्रेक दाबत उतरले तर ब्रेक तापतात आणि त्यांची पकड कमी होते. मॅन्युअल गाडीचा जुना नियम सोपा आहे: ज्या गिअरमध्ये चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतार उतरावा. ऑटोमॅटिक गाडीतही खालचा गिअर धरून ठेवण्याची सोय बहुधा असते; कुठे ती ‘एम’ या खुणेने दाखवतात, कुठे ‘एल’ किंवा ‘एस’ने. ती केव्हा वापरायची हे दोघांनाही ठाऊक असायला हवे. इंधन वाचेल म्हणून न्यूट्रलमध्ये उतरणे धोक्याचे तर आहेच, शिवाय व्यर्थही आहे. आजच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधनाचा पुरवठा जवळजवळ थांबतो.

निर्णय कसा घ्यावा

सर्वप्रथम दुसऱ्या व्यक्तीला विचारावे, आणि तेही शोरूममध्ये नव्हे, घरी. गाडी चालवायची इच्छा आहे का? असल्यास गिअरची गाडी शिकण्याची तयारी आहे का? इच्छा नसेल तर मॅन्युअल घेण्यास हरकत नाही. पण ते उत्तर त्या व्यक्तीचे असावे, तिच्या वतीने दुसऱ्याने दिलेले नसावे.

इच्छा आणि तयारी दोन्ही असतील, तर शिकणे आधी व्हावे, खरेदी नंतर. ‘गाडी येऊ दे, मग शिकवतो’ हे आश्वासन बहुतेक घरांत पहिल्या ओरखड्यापर्यंतच टिकते. नव्या गाडीची काळजी, शिकवणाऱ्याचा चढा आवाज आणि मागून वाजणारे हॉर्न यांत शिकणाऱ्याचा धीर खचतो आणि किल्ली पुन्हा एकाच खिशात जाते. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 नुसार प्रशिक्षण केंद्रात हलक्या वाहनाचे शिक्षण किमान 21 दिवसांचे असावे लागते आणि त्यात प्रत्यक्ष चालवण्याचे किमान 10 तास अपेक्षित असतात. प्रशिक्षणाच्या गाडीत शिक्षकाच्या पायाखालीही ब्रेक असतो. घरच्या गाडीत तो नसतो. शिकाऊ परवाना सहा महिने वैध असतो आणि तो मिळाल्यापासून 30 दिवसांनी पक्क्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. एवढ्या अवधीत क्लचशी जमते की नाही, हे स्वच्छ कळून येते. जमले तर मॅन्युअल घ्यावी आणि वाचलेल्या पैशांपैकी थोडे सरावाच्या इंधनावर खर्च करावेत.

इच्छा आहे, पण क्लच जमत नाही किंवा गुडघ्याच्या दुखण्यामुळे शक्य नाही, तर ऑटोमॅटिक घ्यावी. यात नेहमीच्या चालकाला थोडी तडजोड करावी लागते. गिअर टाकण्याचा आनंद जातो, वरचे मॉडेल परवडत नाही. तरीही ही तडजोड सोसण्यासारखी आहे. मॅन्युअलची सवय असलेला माणूस ऑटोमॅटिक एका दिवसात चालवू लागतो. उलट दिशेचा प्रवास महिन्यांचा असतो, आणि कित्येकदा तो सुरूच होत नाही.

गाडी कोणतीही घेतली, तरी दुसऱ्या चालकाचा हात चालता राहिला पाहिजे. आठवड्यातून एकदा बाजारापर्यंत, महिन्यातून एकदा महामार्गावर आणि ओळखीचा कोणी शेजारी बसलेला असताना, दिवसाउजेडी, कोरड्या ऋतूत एकदा तरी घाटात गाडी नेलेली असावी. निपाणी-बेळगाव हा सुमारे 75 किलोमीटरचा रस्ता या सरावाला बरा आहे. वाटेत तवंदीचा घाटही लागतो. शोरूममध्ये चाचणीसाठी जाल तेव्हा अर्धा वेळ घरातील दुसऱ्या चालकाला चालवू द्यावे आणि जवळपास चढाचा रस्ता असेल तर गाडी तिथे थांबवून पुन्हा उचलून पाहावी. ती व्यक्ती काय म्हणते, ते ऐकूनच आगाऊ रक्कम भरावी.