कॉन्स्टँटिनोपलचे वेढे : तट, समुद्र आणि राजकारण

आपल्याकडील इतिहासाच्या अध्यापनात कॉन्स्टँटिनोपल प्रामुख्याने इ. स. १४५३ या वर्षाशी जोडले जाते. तुर्कांनी तोफांच्या बळावर शहर जिंकले व युरोपीयांनी नव्या सागरी मार्गांचा शोध घेतला, एवढ्यावर विषय संपतो. परंतु बायझंटाइन साम्राज्याची ही राजधानी त्यापूर्वी अनेक वेढ्यांतून कशी तरली, याचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात तो संक्षेपाने केला आहे.

शहराच्या तीन बाजूंना पाणी होते. पश्चिमेस जमिनीच्या बाजूला सम्राट दुसरा थिओडोसियस याच्या कारकिर्दीत, पाचव्या शतकात, खंदक, बाहेरचा तट आणि ९६ बुरुजांचा उंच आतील तट अशी तिहेरी संरक्षणव्यवस्था उभी राहिली. तथापि केवळ तटांमुळे शहर टिकले, असे म्हणता येत नाही. इ. स. ६२६ मध्ये युरोपच्या बाजूने आवार व आशियाच्या बाजूने पर्शियन सैन्य ठाकले. परंतु बायझंटाइन आरमारामुळे पर्शियनांना बॉस्फरस ओलांडता आला नाही. इ. स. ७१७-१८ च्या वेढ्यात 'ग्रीक अग्नी' या ज्वालाग्राही द्रवाने अरबांची अनेक जहाजे जाळली. कडक हिवाळा, उपासमार आणि बल्गारांचे हल्ले यांमुळे अखेर वेढा घालणारेच खचले.

इ. स. १२०४ मध्ये चित्र पालटले. पदच्युत सम्राटाच्या पुत्राने गादीसाठी चौथ्या क्रुसेडच्या सैन्याचे साहाय्य घेतले. कबूल केलेले द्रव्य मात्र पूर्णपणे दिले गेले नाही. आरमार दुर्लक्षित होते. व्हेनिसची जहाजे 'गोल्डन हॉर्न' खाडीत शिरली आणि तेथील एकेरी तटावरून शहर पडले. यात तोफेचा संबंध नव्हता. इ. स. १२६१ मध्ये राजधानी परत मिळाली, पण साम्राज्याचे पूर्वीचे सामर्थ्य परतले नाही.

इ. स. १४५३ मध्ये तटावर सुमारे ७,००० रक्षक होते. सुलतान दुसरा महंमद याने तोफांचा मारा केलाच. शिवाय खाडीच्या मुखाशी साखळी असल्याने जहाजे जमिनीवरून ओढून खाडीत उतरविली. त्यामुळे अपुऱ्या रक्षकांची विभागणी झाली व २९ मे रोजी शहर पडले.

सारांश, तट तोच होता. त्यामागील आरमार, मनुष्यबळ आणि राजकीय ऐक्य क्षीण झाले होते. म्हणून इ. स. १४५३ चे अध्यापन इ. स. १२०४ वगळून केल्यास विद्यार्थ्यांना घटना कळते, कारणमीमांसा कळत नाही.