परमुलखातील बिऱ्हाड

सावित्रीच्या खोऱ्यातील महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांना पोटासाठी मुलूख सोडणे नवे नाही. भाताचे एक पीक घरात आल्यावर उरलेले वर्ष निभावण्यासाठी ज्या घरांतील कर्ते पुरुष मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत राबले, ज्यांच्या मनीऑर्डरीवर गावाकडची चूल पेटती राहिली आणि जे शिमग्याला व गणपतीला चाकरमानी म्हणून परत येत, त्या घरांच्या शेजारच्या कित्येक घरांनी पुढे आखाती देशांची वाट धरली. या दोन्ही स्थलांतरांत काम जेथे असेल तेथे माणसाला जावे लागे. २०२० च्या टाळेबंदीनंतर संगणकावर चालणाऱ्या व्यवसायांत हा क्रम पालटला, आणि कचेरी पुण्यात किंवा न्यूयॉर्कमध्ये असताना बिऱ्हाड कोठे थाटावे, हे ठरवण्याची मुभा येथल्या तरुणांनाही मिळू लागली.

अशा लोकांसाठी अनेक राष्ट्रांनी स्वतंत्र परवाने काढले असून त्यांना ‘डिजिटल नोमॅड व्हिसा’ हे नाव रूढ झाले आहे. एस्टोनिया आणि दुबई यांनी २०२० मध्ये, पोर्तुगाल आणि मलेशिया यांनी २०२२ मध्ये, तर थायलंडने जुलै २०२४ मध्ये ही सोय केली. तपशील निरनिराळे असले, तरी धारकाने मिळकत परदेशातून आणावी आणि स्थानिक माणसाच्या रोजगारात वाटेकरी होऊ नये, हे तत्त्व बहुतेक ठिकाणी समान आहे.

नगरांची तुलना करताना पहिली कसोटी मिळकतीची. एस्टोनिया दरमहा ४,५०० युरोंचा, दुबई ३,५०० डॉलरांचा, तर पोर्तुगाल तेथील किमान वेतनाच्या चौपट मिळकतीचा दाखला मागतो. मलेशिया संगणक व्यवसायातील माणसाकडून सालीना २४,००० डॉलरांची, म्हणजे महिन्याला सुमारे पावणेदोन लाख रुपयांची अपेक्षा ठेवतो. थायलंड ५,००,००० बात शिल्लक दाखवावयास लावतो. त्याच्या परवान्याची मुदत पाच वर्षांची असून प्रत्येक प्रवेशाला १८० दिवस राहता येते. जपाननेही २०२४ मध्ये असा परवाना काढला, परंतु त्याला पात्र असलेल्या देशांच्या यादीत भारत नाही. म्हणून कोणत्याही नगराची वर्णने वाचण्याआधी आपल्या पारपत्राला तेथे वाव आहे काय, याची खात्री करून घेणे अगत्याचे आहे.

दुसरी कसोटी घड्याळाची, आणि माझ्या मते ती भाड्याच्या कसोटीहूनही मोठी आहे, कारण महाग घर सोडून स्वस्त घरात जाता येते, पण सूर्योदयाची वेळ बदलता येत नाही. पुण्याची कचेरी सकाळी दहाला उघडते, तेव्हा क्वालालंपूरला साडेबारा, बँकॉकला साडेअकरा आणि दुबईला साडेआठ वाजलेले असतात. लिस्बनला मात्र हिवाळ्यात पहाटेचे साडेचार होतात. उलटपक्षी न्यूयॉर्कच्या कचेरीत सकाळचे नऊ वाजतात, तेव्हा हिवाळ्यात लिस्बनला दुपारचे दोन, दुबईला संध्याकाळचे सहा आणि क्वालालंपूरला रात्रीचे दहा वाजतात, म्हणजे क्वालालंपूरला राहून अमेरिकेची पूर्ण पाळी करणाऱ्याने आपली रात्र विकली असे समजावे.

तिसरी कसोटी रोजच्या जीवनाची. दुबईत व्यक्तिगत आयकर नाही, परंतु घरभाडे जड असून ते पुढील तारखांच्या धनादेशांनी वर्षभरासाठी बांधून देण्याची रीत आहे. उत्तर थायलंडातील चिआंग माई राहण्यास स्वस्त, तथापि फेब्रुवारी ते एप्रिल या काळात शेते आणि राने जाळल्याच्या धुराने तेथील हवा दूषित होते. क्वालालंपूरच्या ब्रिकफील्ड्स भागात भारतीय वाणसामान आणि शाकाहारी जेवण सहज मिळते. एस्टोनियातील टॅलिनमध्ये सरकारी कामे घरबसल्या संगणकावर उरकतात, मात्र डिसेंबरात दिवसाचा उजेड जेमतेम सहा तास असतो. शिवाय एका देशात किती दिवस काढले, यावर करदायित्व ठरते. थायलंडात १८०, भारतात १८२ आणि पोर्तुगालात १८३ दिवस ही सर्वसाधारण सीमा असल्याने येण्याजाण्याच्या तारखांची नोंद जपून ठेवावी.

चौथी कसोटी घरच्या वाटेची. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारी यांच्या पुरात महाड बुडाले, वीज गेली, दूरध्वनी मुके झाले, त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली, आणि पोलादपूर तालुक्यातही सुतारवाडी व केवनाळे येथे डोंगर खचले. अशा वेळी गावात वृद्ध आईबाप असलेल्या मुलाला आपण किती तासांत पोहोचू, एवढा एकच प्रश्न उरतो. मुंबईहून दुबई विमानाने सुमारे तीन तासांवर, बँकॉक आणि क्वालालंपूर चार ते पाच तासांवर आहेत. लिस्बन आणि टॅलिन यांच्या प्रवासात वाटेत विमान बदलावे लागते. त्यात मुंबई ते महाड हे सुमारे पावणेदोनशे किलोमीटर मिळवावेत, आणि पोलादपूरच्या वाड्यांपर्यंतचा घाटरस्ता पावसात दरडींनी अडतो, हेही विसरू नये.

या चारही कसोट्या लावल्या असता माझा निर्णय असा होतो. नोकरी पुण्या-मुंबईची असेल, तर क्वालालंपूर प्रथम आणि बँकॉक त्यानंतर. मालक युरोपातील असेल आणि वेतन भरघोस असेल, तर दुबई. लिस्बन व टॅलिन यांचा विचार घरी भावंडे असणाऱ्याने आणि तेथेच दीर्घकाळ राहू इच्छिणाऱ्याने करावा. कोठेही जावयाचे झाल्यास मालकाची लेखी संमती आधी घ्यावी, कारण कराचे आणि विम्याचे प्रश्न तिच्यावाचून सुटत नाहीत. गिरणीतील चाकरमानी गावची तार हाती पडताच रात्रीच्या गाडीला बसत असे. नव्या चाकरमान्यानेही बिऱ्हाड असे निवडावे की, निरोप मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी तो आपल्या उंबऱ्यात उभा असेल.