गिळलेल्या अक्षरांचं इंग्रजी

मुळशी तालुक्यात, वरसगाव धरणाच्या पाण्याकाठी लवासा हे नवं शहर उभारताना समोर नमुना होता इटलीतल्या पोर्टोफिनो या बंदराचा. हे नाव पुण्याहून शनिवारी आलेला आपला माणूस आणि खुद्द इटालियन माणूस जवळपास सारखंच म्हणतात. ट आणि त यांचा फरक सोडला, तर चारही अक्षरं ठणठणीत. लंडनकर मात्र दुसरं अक्षर चेपून टाकतो: ‘पॉऽटफीनो’. ‘टो’चा नुसता ‘ट’ उरतो.

हा आळस नव्हे, इंग्रजीची लयच तशी आहे. टाळ्या वाजवून बघा. ‘गाइड्स टेक गेस्ट्स’: तीन अक्षरं, तीन टाळ्या. आता ‘द गाइड्स विल बी टेकिंग द गेस्ट्स’. अक्षरं आठ झाली, पण टाळ्या तीनच, ‘गाइड्स’, ‘टे’ आणि ‘गेस्ट्स’ यांवर. उरलेली पाच अक्षरं टाळ्यांच्या फटीत कोंबायची. आपण आठही अक्षरांना सारखा मान देतो आणि तिथंच लय मोडते. 1940 साली आर्थर लॉइड जेम्स यांनी या दोन चालींना नावं दिली: सगळ्या अक्षरांना सारखा मान देणारी मशीनगनची, इंग्रजीसारखी मोर्सच्या तारेची. 1945 मध्ये केनेथ पाइक यांनी तोच भेद शास्त्राच्या भाषेत मांडला. पुढे लोकांनी यंत्रं लावून मोजलं, तेव्हा दोन टाळ्यांमधलं, म्हणजे आघातांमधलं, अंतर काही घड्याळासारखं समान निघालं नाही. तरी कानाला जाणवणारा फरक खराच आहे.

मराठीत अक्षराचं वजन बरंचसं त्याच्या अंगचं असतं. वृत्तात लघु-गुरू मोजताना आपण हेच धरून चालतो. इंग्रजीत वजन हिंडत राहतं. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर ‘फो’वर, म्हणून पुढचं ‘टो’ आक्रसतं. ‘फोटोग्राफर’ म्हटलं की जोर एक घर सरकतो, आणि मघाचा दिमाखदार ‘फो’ बिचारा ‘फ’ होतो: ‘फटॉग्रफ’. लवासाच्या संदर्भात हजारदा छापून आलेला ‘डेव्हलपमेंट’ घ्या. आपण ‘डे’वर रेलतो, इंग्रज ‘व्हे’वर: ‘डिव्हेलप्मन्ट’. ‘हॉटेल’चा जोरही शेवटी, ‘टेल’वर.

आपल्या या इंग्रजीकडे थट्टेपलीकडे जाऊन बघणारा माणूस मराठीच होता. अशोक केळकर, पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञान शिकवणारे. त्यांनी 1957 मध्येच ‘वर्ड’ या नियतकालिकात ‘मराठी इंग्लिश’ या विषयावर शोधनिबंध लिहिला. आर. के. बन्सल यांचा भारतीय इंग्रजी कितपत कळतं याचा अभ्यास 1969 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ऐकणाऱ्याचा गोंधळ होण्याच्या मोठ्या कारणांत चुकीच्या जागी दिलेला आघात होता. म्हणजे आपण मराठी वळणाचं इंग्रजी बोलतो याची लाज बाळगायचं काहीच कारण नाही. जोर योग्य जागी पडला, की बरंच काम झालं.

आणि खरी मौज पुढेच आहे. अक्षर गिळल्यावर उरणारा पुसट स्वर आपल्याकडे जन्मापासून आहे: आपला ‘अ’. ‘बनाना’तला पहिला ‘ब’ आपण अचूक म्हणतो, शेवटच्या ‘ना’लाही तसंच ‘न’वर आणलं की झालं. गिळण्याचीही सवय आहेच. लिहितो ‘करतो’, म्हणतो ‘कर्तो’. लिहितो ‘बसला’, म्हणतो ‘बस्ला’.

सरावासाठी इंग्रजी बातम्यांतलं एकच वाक्य घ्यावं. आधी शब्द सोडून नुसती चाल गुणगुणावी, मग टाळ्यांच्या जागा पकडाव्यात, शब्द सगळ्यांत शेवटी. घोकंपट्टीपेक्षा हे कितीतरी बरं, असं माझं ठाम मत.

आघाताखेरीज आपल्या मराठी कानाची आणखी एक जमेची बाजू आहे. एक कागदाचा कपटा ओठांसमोर धरा. इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसानं ‘पिन’ म्हटलं की कपटा फडफडतो, कारण तो ‘प’सोबत हवेचा झोत सोडतो, जवळजवळ आपल्या ‘फळ’मधल्या ‘फ’सारखा. ‘स्पिन’ म्हणताना कपटा हलत नाही. त्याच्या लेखी दोन्हीकडे एकच अक्षर. फरक त्याला सहसा जाणवतही नाही. ‘प’ आणि ‘फ’ ही वेगळी अक्षरं म्हणून शिकलेल्या मराठी पोराला मात्र तो लगेच ऐकू येतो.