विश्लेषण : स्टेपनी मागच्या दारावर की चेसिसवर? फोर-बाय-फोर गाडीला स्पेअर व्हील कॅरियर बसवताना काय पाहावे?

किनवट-माहूरकडचे घाटरस्ते, अहमदपूर-उदगीर भागातली बालाघाटची चढण आणि पावसाळ्यात चाकाला गोळ्यासारखी चिकटणारी काळी माती. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत फोर-बाय-फोर गाडी वापरणाऱ्यांना हे सगळे ओळखीचे आहे. अशा ठिकाणी टायर पंक्चर झाला की पहिला प्रश्न स्टेपनी काढायची कशी, हा असतो. त्यामुळे अनेक जण गाडीखालची स्टेपनी मागे आणतात, तर काही जण मागच्या दारावरच्या मूळ चाकाऐवजी मोठे चाक लावतात. मात्र 30 किलोचे चाक गाडीच्या मागे टांगणे दिसते तितके साधे काम नाही. ते चुकले तर दार बिघडते. फारच चुकले तर तुटलेले चाक मागून येणाऱ्या दुचाकीस्वारासमोर जाऊन पडू शकते.

‘स्टेपनी’ हा शब्द आला कुठून?

मोटारीच्या सुरुवातीच्या काळात गाडीसोबत जास्तीचे चाक नसे. पंक्चर झाले की जागेवरच टायर काढून दुरुस्ती करावी लागे. ब्रिटनमधील वेल्स प्रांतातल्या लानेली गावच्या डेव्हिस बंधूंनी 1904 मध्ये आऱ्या नसलेले एक जादा चाक तयार केले. हवा गेलेल्या चाकालाच ते शिकंजाने जोडता येत असे. त्यांचा कारखाना स्टेपनी स्ट्रीटवर होता, म्हणून चाकालाही तेच नाव मिळाले. ब्रिटनमध्ये हा शब्द जवळजवळ विसरला गेला. आपल्याकडे मात्र तो गॅरेजपासून घरापर्यंत रुळला आहे.

स्टेपनी मागे का आणली जाते?

स्कॉर्पिओ, फॉर्च्युनर यांसारख्या गाड्यांत स्टेपनी मागच्या भागाखाली साखळीने किंवा तारेने टांगलेली असते. ही रचना वजनाच्या दृष्टीने चांगली आहे, कारण चाक खाली आणि चेसिसच्या जवळ राहते. अडचण चिखलात येते. पाणंद रस्त्यावर गाडी रुतली असेल तर चाक खाली सोडायला जागाच उरत नाही. साखळीच्या यंत्रणेत माती साचून ती गंजते आणि गरज पडते तेव्हा हलत नाही. शिवाय नाल्यातून वर चढताना खाली लोंबणारी स्टेपनी काठाला घासते.

थार, जिम्नी, बोलेरो आणि जुन्या जिप्सीत चाक कंपनीनेच मागच्या दारावर दिलेले आहे. तिथे प्रश्न उभा राहतो तो मालक टायर बदलतो तेव्हा.

टायर थोडा मोठा घेतला तर काय फरक पडतो?

तीन दरवाजांच्या थारच्या फोर-बाय-फोर प्रकारांत 245/75 आर 16 किंवा 255/65 आर 18 या मापाचे टायर येतात. 245/75 आर 16 टायरचा व्यास सुमारे 774 मिलिमीटर भरतो. त्याऐवजी 265/75 आर 16 घेतला तर व्यास सुमारे 804 होतो. टायर 30 मिलिमीटरने उंच आणि 20 मिलिमीटरने रुंद झाला. जाड नक्षीच्या टायरमुळे वजनही काही किलोंनी वाढते.

हे वजन दाराच्या बिजागरीवर कसे येते, ते साध्या हिशेबाने समजते. चाक 30 किलोचे आहे, त्याचा मध्य बिजागरीपासून 50 सेंटिमीटरवर आहे आणि दोन बिजागऱ्यांत 30 सेंटिमीटरचे अंतर आहे असे धरू. दार उघडे असताना वरच्या बिजागरीवर फक्त चाकामुळे 30 गुणिले 50 भागिले 30, म्हणजे 50 किलोची ओढ येते. दाराचे स्वतःचे वजन वेगळेच. चाक 36 किलोचे झाले की ही ओढ 60 किलो होते. गाडी खड्ड्यात आदळली की क्षणभर हाच भार दुप्पट-तिप्पट होतो. दार बंद असताना कुलूप आणि रबरी ठोकळे थोडा भार घेतात, पण असे धक्के दिवसाला शेकडो बसतात. पत्रा एकदम तुटत नाही. आधी बिजागरीजवळचा रंग तडकतो, मग दार बंद करताना थोडे उचलावे लागते, आणि त्यानंतर पत्र्याला चीर पडते.

कॅरियरचे प्रकार कोणते?

पहिला प्रकार दारावरच्या ब्रॅकेटचा, म्हणजे कंपनीने दिलेला. टायर मूळ मापाचा असेल तर बहुतेकांना एवढे पुरते.

दुसऱ्या प्रकारात दाराला आधार दिला जातो. चाकाचे वजन दाराच्या पातळ पत्र्यावर न राहता जाड पट्टीने थेट बिजागऱ्यांकडे नेले जाते. काही संचांत बिजागऱ्याही मजबूत दिलेल्या असतात. टायर एका मापाने मोठा असेल तर हा मध्यम मार्ग योग्य ठरतो.

तिसरा प्रकार चेसिसवरच्या फिरत्या आर्मचा. मागच्या बंपरमधून किंवा चेसिसला बोल्ट केलेल्या चौकटीतून एक उभा खांब निघतो आणि त्यावर चाकाचा आर्म दारासारखा फिरतो. यात दारावर भार येत नाही. फॉर्च्युनरसारखे वर उघडणारे दार असेल तर हाच प्रकार शक्य असतो. पण सामान काढायचे म्हटले की आधी आर्म, मग दार अशा दोन गोष्टी उघडाव्या लागतात आणि वजनही बरेच वाढते.

जाड लोखंड म्हणजे जास्त मजबुती का?

मराठवाड्यात ट्रॅक्टरची ट्रॉली आणि शेतीची अवजारे बनवणाऱ्या वर्कशॉपची कमतरता नाही, आणि तिथल्या कारागिरांचा वेल्डिंगचा हात पक्का असतो. पण ट्रॉलीचा हिशेब कॅरियरला लागू होत नाही. 50 बाय 50 मिलिमीटरचा चौकोनी पाइप 3 मिलिमीटर जाडीचा असेल तर मीटरमागे साधारण सव्वाचार ते साडेचार किलो भरतो. तोच 5 मिलिमीटरचा घेतला तर साडेसहा ते सात किलो. तीन मीटर पाइप लागला तर सुमारे 13 किलोऐवजी 20 किलो लोखंड गाडीच्या शेपटावर बसते.

हे वजन मागच्या एक्सलच्याही मागे असते, म्हणून त्याचा परिणाम तरफेसारखा होतो. थारचा व्हीलबेस 2450 मिलिमीटर आहे. एक्सलच्या एक मीटर मागे 60 किलो नव्याने टांगले, तर मागच्या एक्सलवर सुमारे 84 किलो वाढतात आणि पुढच्या एक्सलवरून सुमारे 24 किलो कमी होतात. पुढची चाके हलकी झाली की ओल्या रस्त्यावर स्टिअरिंग आणि ब्रेकची पकड घटते. मजबुती लागते ती सांध्यांना. खांबाचा पाया, त्याचे बेअरिंग आणि कुलूप हेच कॅरियरचे खरे भाग आहेत.

बसवताना काय तपासावे?

आधी टायरचे माप कायम करावे आणि कॅरियर नंतर घ्यावा. चाकाच्या नटांमधले अंतर ब्रॅकेटशी जुळते का, ते चाक प्रत्यक्ष लावून पाहावे. फिरत्या आर्मच्या खांबात टेपर रोलर बेअरिंग आणि ग्रीस भरण्याची सोय असावी. नुसती बुश काळ्या मातीच्या धुळीत लवकर झिजते. आर्म बंद केल्यावर रबरी ठोकळ्यावर घट्ट दाबून बसला पाहिजे. हाताने हलवल्यावर खडखड झाली तर रस्त्यावर ती वाढतच जाणार. उघडा आर्म उतारावर आपोआप मिटू नये म्हणून अडसर किंवा पिन हवी.

बोल्ट 8.8 किंवा त्यावरच्या ग्रेडचे आणि नट नायलॉक असावेत. चेसिसवर वेल्डिंग करण्याऐवजी मूळ छिद्रांतून बोल्ट करणारी रचना निवडावी. कॅरियरचे कोणतेही वेल्डिंग गाडीवर करायचे झाल्यास आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी, नाहीतर इलेक्ट्रॉनिक यंत्रणा खराब होऊ शकते. छिद्र पाडलेल्या जागी झिंक प्रायमर लावावा. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर आणि पुढे दर सर्व्हिसिंगला सगळे बोल्ट पुन्हा कसून घ्यावेत.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करण्याचे पत्र केंद्राने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना पाठवले होते. त्यामुळे लोखंडी बंपरसह येणारा कॅरियर लगेच नजरेत येतो.

गाडी एमएच-26 ची असो वा एमएच-24 ची, आपल्या परिवहन कार्यालयात आधी विचारणा करणे आणि शक्यतो गाडीच्या कंपनीने मान्य केलेलाच सुटा भाग घेणे सुरक्षित. नंबर प्लेट, तिचा दिवा, टेललाइट आणि वरचा ब्रेकलाइट चाकामागे झाकला जाता कामा नये. उच्च सुरक्षा नंबर प्लेटचे स्नॅप लॉक एकदा तोडले की पुन्हा वापरता येत नाही, हेही लक्षात ठेवावे. बदल विमा कंपनीला लेखी कळवावा, अन्यथा दाव्याच्या वेळी वाद होऊ शकतो.

मग कोणी काय निवडावे?

नांदेड-लातूर महामार्गावरची ये-जा आणि अधूनमधून शेतापर्यंतचा रस्ता एवढाच वापर असेल, तर मूळ मापाचा टायर आणि मूळ जागाच उत्तम. स्टेपनी गाडीखाली असेल तर पावसाळ्यापूर्वी आणि नंतर एकदा ती खाली उतरवून साखळी स्वच्छ करावी, ग्रीस लावावे आणि चाकातली हवा पाहावी. चाक दारावर असून टायर एका मापाने मोठा घेतला असेल तर दाराला आधार द्यावा. फिरता आर्म ज्यांना खरोखर लांब, निर्जन रस्त्यांवर जड चाक न्यायचे आहे त्यांच्यासाठी. कोणताही प्रकार घेतला तरी दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारावा : चाकाचे वजन कोणत्या बोल्टमधून चेसिसपर्यंत जाते? तो बोट ठेवून ते बोल्ट दाखवू शकला नाही, तर तो कॅरियर घेऊ नये.