भाजलेली कोळंबी चिवट का होते?

हॉटेलातील भट्टीतून येणारी तिखट, खमंग कोळंबी घरीही करून पाहावी, अशी हौस अनेक खवय्यांना असते. बाजारातून महागाची कोळंबी आणली जाते, मसाला वाटला जातो आणि ताटात मात्र रबरासारखी चिवट कोळंबी पडते. दोष बहुधा मसाल्याला दिला जातो. प्रत्यक्षात गणित बिघडते ते पाणी, आंबट आणि वेळ या तिन्हींमुळे.

कोळंबीच्या मांसात चरबी फारच कमी असते आणि तिचे तंतूही नाजूक असतात. आच लागताच त्यातील प्रथिने गोठतात. आच लांबली तर ती आकसून आतला रस पिळून बाहेर टाकतात. म्हणून कोळंबीला आच प्रखर हवी, पण थोडाच वेळ.

भाजण्यासाठी जवळा वा करंदी उपयोगाची नाही. मोठी कोळंबीच घ्यावी. कवच अंगाला घट्ट चिकटलेले असावे, डोके सैल झालेले नसावे आणि अमोनियासारखा उग्र वास येऊ नये. जून-जुलैमध्ये यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर बंदी असते. त्या काळात गोठवलेली कोळंबी घेतल्यास ती आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून सावकाश सुटू द्यावी.

अर्धा किलो कोळंबीचे डोके व कवच काढावे, शेपूट राहू द्यावे आणि पाठीवर चीर देऊन काळा दोरा काढून टाकावा. धुतल्यावर ती स्वच्छ फडक्याने पूर्ण कोरडी करावी. ही पायरी बहुतेक जण गाळतात. कोळंबी ओली राहिली, तर आचेची उष्णता आधी पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते आणि कोळंबी भाजण्याऐवजी वाफेवर शिजते.

मसाल्यासाठी सहा ब्याडगी आणि दोन संकेश्वरी मिरच्या गरम पाण्यात वीस मिनिटे भिजवाव्यात. ब्याडगीने रंग येतो, संकेश्वरीने तिखटपणा. त्यात आठ लसूण पाकळ्या, इंचभर आले, चमचाभर धने आणि अर्धा चमचा हळद घालून, शक्यतो पाणी न घालता घट्ट वाटावे. हे वाटण दोन चमचे तेलात कालवून कोळंबीला चोळावे आणि ती तासभर फ्रिजमध्ये ठेवावी.

आंबट मात्र शेवटी घालावे. लिंबू वा कोकमाच्या आगळातील आम्लामुळे प्रथिने आचेविनाच गोठू लागतात. त्यामुळे चमचाभर आगळ भाजण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटेच लावावे. आगळ खारट असते, हे ध्यानात घेऊन मिठाचा अंदाज करावा.

बांबूच्या काड्या वापरायच्या असल्यास त्या अर्धा तास पाण्यात भिजवाव्यात, म्हणजे लगेच जळत नाहीत. ओव्हनची वरची सळई आधी पूर्ण तापवावी किंवा बिडाचा तवा धूर निघेपर्यंत तापू द्यावा. मध्यम-मोठ्या कोळंबीला प्रत्येक बाजूने सुमारे दोन मिनिटे पुरतात. तव्यावर गर्दी करू नये, नाहीतर पाणी सुटते. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही पेटवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीवघेणा ठरू शकतो.

कोळंबी झाली हे केवळ रंगावरून ठरवू नये. उष्णतेने प्रथिनापासून सुटलेले रंगद्रव्य कोळंबीला लाली आणते, पण ही लाली आतला भाग शिजण्याआधीच दिसू शकते. पाठीवरच्या चिरेतून पाहावे. काचेसारखा दिसणारा गर पांढरा, अपारदर्शक झाला आणि कोळंबी विळ्याच्या पात्याइतकी वाकली, की ती लगेच उतरवावी. अंगठीसारखे वेटोळे झाले, तर वेळ निघून गेली असे समजावे.

ज्यांना कोळंबीची ॲलर्जी आहे, त्यांनी भाजलेलीही खाऊ नये. ॲलर्जीस मुख्यतः कारणीभूत असणारे प्रथिन आचेने नष्ट होत नाही. इतरांनी मात्र पाहुणे पानावर बसल्यावरच तवा तापवावा. भाजलेली कोळंबी वाट पाहत नाही आणि पुन्हा गरम केली तर ती चिवट झाल्यावाचून राहत नाही.